बाराभानगड निर्धोक करताना

हाती पहिलं शस्त्र येणं ही माणसाच्या घडणीतली फार मोठी घटना असते. राजेरजवाड्यांच्या मुलांना तलवार द्यायचे तेव्हा म्हणे नगारे वाजत, भाट गात, आणि पुढं चरित्रकार त्या दिवसाला एक स्वतंत्र प्रकरण देत. मीही देते आहे. माझ्या हाती शस्त्र आलं तेव्हा शिरूरच्या आमच्या दोन खोल्यांत कुकरची शिट्टी वाजत होती, आणि ते माझ्या हाती राहिलं साधारण भात शिजेपर्यंत. नंतर अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ते 'जरा बघू' म्हणून घेतलं.

दिलं होतं मामानं. आईचा हा एकुलता भाऊ दौंडला राहायचा आणि तिथल्या एका कारखान्याची गाडी चालवायचा. पुण्याहून साहेब आणायचे आणि काम झालं की पुण्याला पोचवायचे, हा त्याचा धंदा. कुठलंसं यंत्र बसवायला आलेल्या एका जर्मन साहेबानं जाताना कमरेच्या पट्ट्यातली एक वस्तू काढून मामाला दिली. हातात मावेल एवढी, दुमडलेली पकड. उघडली की तिच्या दोन्ही दांड्यांच्या पोटातून एकेक पातं बाहेर यायचं. चाकू होता, बोटाएवढी करवत होती, कात्री, आरी, स्क्रू-ड्रायव्हर, बाटलीचं बूच उघडायचं काहीतरी, आणि शिवाय एक आकडा, ज्याचा उपयोग मामाला साहेबाच्या हातवाऱ्यांवरून कळला नव्हता. 'मल्टीटूल' हा शब्द तेव्हा आमच्याकडं पोचलेला नव्हता. मामा तिला बाराभानगड म्हणायचा. मामाला मूल नव्हतं आणि मी त्याची एकुलती भाची. त्यातून दिसेल ती वस्तू उघडून बघायची मला खोड. बॅटरी, गजराचं घड्याळ, शेजारच्या काकूंच्या मुलाची चावीची मोटार, सगळं मी उघडलं होतं. परत बसवण्याची विद्या तेवढी अजून आली नव्हती. मामानं माझी मूठ उघडून तीत ती थंडगार वस्तू ठेवली आणि म्हणाला, “निमे, हे धर. ह्यात बारा भानगडी हायेत. एक तरी कवा ना कवा कामाला यील.”

आता अण्णांबद्दल. अण्णा नगर रस्त्यावरच्या एका कारखान्यात सुरक्षेचं काम बघायचे. दारावर बंदूक घेऊन बसतात ती सुरक्षा वेगळी. अण्णांच्या सुरक्षेत पिवळ्या टोप्या, हातमोजे आणि भिंतीवरच्या पाट्या येत. त्या पाट्यांचा मजकूर तेच रचायचे आणि त्यांना यमक जुळवायची फार हौस. वर्षातून एकदा सुरक्षा सप्ताह असे. त्यात कुणीतरी मोठे साहेब येऊन फीत कापत, आणि ती कात्री बोथट आहे ना, हे अण्णा आदल्या दिवशी तपासून घेत, त्यामुळं फीत कापायला फार वेळ लागे. 'निर्धोक' हा त्यांचा लाडका शब्द. जिना निर्धोक हवा, स्टोव्ह निर्धोक हवा, उकळता चहासुद्धा ते निर्धोक करून, म्हणजे गार करून प्यायचे. मला हे सगळं हसण्यासारखं वाटे. फार पुढं आईनं सांगितलं, की माझ्या जन्माच्या आधी, अण्णा साधे कामगार असताना, शेजारच्या, पत्रा कापायच्या प्रेसवरच्या माणसाची दोन बोटं गेली, आणि ती बोटं पुण्याच्या दवाखान्यात न्यायला दुसरं काही सापडेना म्हणून अण्णांनी स्वतःचा जेवणाचा डबा रिकामा केला होता. बोटं बसली नाहीत. डबा घरी आला, आईनं तो घासला, पण अण्णा त्यात पुन्हा जेवले नाहीत. मी लहानपणापासून त्या डब्यात खिळे बघत आले होते. घरोघरी खिळे जेवणाच्याच डब्यात ठेवतात असा माझा समज होता.

तर बाराभानगड ते काही काढून घेणार नव्हते. अण्णा न्यायी होते. वस्तू मुलीला मिळाली आहे, तर ती मुलीचीच राहील, फक्त आधी निर्धोक होईल. पुढच्या रविवारी सकाळी ते उंबऱ्यापुढच्या पायरीवर कानस घेऊन बसले आणि त्यांनी चाकूचं टोक गोल केलं. टोकाचं मला फारसं वाटलं नाही. पण मग धारेकडं त्यांचं लक्ष गेलं. लोखंडावर कानस फिरण्याचा आवाज ज्यानं ऐकला असेल त्याला दातांत काय होतं ते सांगायला नको. तो आवाज आमच्या घरात नंतर कित्येक रविवार होता. आत आई शेंगदाणे भाजत असायची, कढईत झाऱ्याचा खरखराट आणि बाहेर कानशीचा, आणि त्या दोहोंच्या मध्ये मी गुडघे पोटाशी घेऊन बसलेली. मध्येच आतून आई म्हणायची, “अहो, कात्री ऱ्हायली.” की अण्णा कात्रीच्या सांध्यावर शिशाचा थेंब सोडायचे. करवतीचे दात घासून ती पट्टी झाली. आरी शिकंज्यात धरून मोडली. स्क्रू-ड्रायव्हरचं तोंड मी प्लगमध्ये घालीन म्हणून वाटोळं केलं, आणि इथं अण्णांच्या बाजूनं सांगायला हवं की मी ते एकदा घातलं होतं. पकडीत माझी करंगळी चिमटली, त्याच संध्याकाळी पकडीच्या दोन्ही जबड्यांवर सायकलच्या ट्यूबचे तुकडे घट्ट चढले. आकड्याचं काय करायचं यावर बराच विचार झाला. उपयोग माहीत नसल्यामुळं धोका काय तेही सांगता येईना. शेवटी संशयाच्या जोरावर तोही आत वळवून टाकला. बूच उघडायचं तेवढं राहिलं, कारण आमच्या घरात कुणी पीत नसल्यामुळं ते कशासाठी आहे हे ध्यानातच आलं नाही.

मी रडले का? नाही. रडून उपयोग होण्यासाठी समोरच्यानं रागावलेलं तरी असावं लागतं. अण्णा इतक्या प्रेमानं आणि एवढं मन लावून ते काम करत होते, की मध्ये बोलणं म्हणजे देवपूजेत बोलण्यासारखं वाटे. आजही मला रागीट माणसांची भीती वाटत नाही. माझ्या भल्यासाठी शांतपणे कानस हातात घेणारा दिसला की मात्र मी पर्स छातीशी धरते.

काम पुरं झाल्यावर वस्तू माझ्या हवाली करण्याचा समारंभ झाला. कारखान्यात सप्ताहाच्या दिवशी कामगारांना उजवा हात पुढं करून शपथ घ्यायला लावत, तशी मी घेतली. 'माझ्या आणि माझ्या सहकाऱ्यांच्या' असं त्या शपथेत होतं, म्हणून सहकारी म्हणून आई शेजारी उभी राहिली. तिच्या हाताला कणीक होती. शेवटचा उपाय म्हणून अण्णांनी बाराभानगडीला वीतभर दोरी लावून ती माझ्या फ्रॉकच्या पट्ट्याला पक्की बांधली, म्हणजे हरवायला नको आणि कुणावर फेकायला नको. आता ती पूर्णपणे माझी होती.

आमचं मूळ गाव दौंड तालुक्यातलं खुटबाव. तिथं आबा, अण्णांचे वडील, शेती बघत एकटेच राहायचे. दसऱ्याला आम्ही जायचो. शिरूरहून एसटीनं न्हावऱ्यावरून चौफुल्याला, तिथून पुढं मिळेल त्या जीपनं, बहुधा उसाच्या वाढ्यांवर बसून. त्या वर्षी अण्णांनी आबांसाठी शिरूरच्या बाजारातून नायलॉनची हिरवी दोरी घेतली होती. कारण असं, की आबांच्या गायीला चंद्री नावाची कालवड झाली होती. कपाळावर पांढरा ठिपका, आणि माणूस दिसलं की आधी हंबरायचं, मग बघायचं कोण आहे ते. ती सुताचं दावं तोडून एकदा कालव्याच्या कडेला जाऊन उभी राहिली होती. आबांनी ते हसत सांगितलं. अण्णा हसले नाहीत. “ही दोरी तुटतच नाही,” ते जीपमध्ये आईला सांगत होते, “बैल लावला तरी तुटत नाही.” पोचल्या पोचल्या त्यांनी स्वतःच्या हातानं चंद्रीचं सुताचं दावं काढून नायलॉनचं बांधलं.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. आमच्याकडं त्या दिवशी घरातली झाडून सगळी हत्यारं घासून, धुऊन ओसरीवर घोंगडीवर मांडतात. विळे, कोयते, कुऱ्हाड, खुरपी, कुदळ, इतकंच काय, स्वयंपाकघरातली विळीसुद्धा. त्यांना हळदकुंकू लागतं, झेंडूची फुलं वाहतात, आणि मग दसरा उजाडेपर्यंत त्यांना कुणी उचलायचं नाही. “आज त्येंचा दिस हाय,” आबा म्हणायचे, “वरीसभर आपल्यापायी झिजत्यात. आज लोखंडाला कामाला लावायचं न्हाई.” म्हणून त्या दिवशीचं जेवणही बिनचिऱ्याचं. पिठलं, भाकरी, शेंगदाण्याची आमटी, तोंडी लावायला बुक्कीनं फोडलेला कांदा. तसा कांदा आजवर कुठल्या मेजवानीत मिळाला नाही. हल्ली आमच्या सोसायटीत लोक त्या दिवशी गाडीला हार घालतात, लॅपटॉपला कुंकू लावतात, आणि त्याच गाडीत बसून त्याच लॅपटॉपवर काम करायला जातात. आबांना ते समजलं नसतं.

मला वाटलं, आपलीही मांडावी. मी पट्ट्याची गाठ सोडून घेतली आणि बाराभानगड आबांपुढं धरली. आबांनी ती मोठ्या अदबीनं घेतली. सगळी पाती एकेक करून उघडली. प्रत्येकावरून अंगठा फिरवला, आधी हलका, मग जोरानं. मग सगळी मिटवून परत माझ्या हातात दिली.

“पोरी, ह्याला धार न्हाई. ह्येची कशी पूजा करायची?” त्यात हेटाळणी नव्हती. जातीच्या दाखल्यात एखादं अक्षर चुकलं असलं की कारकून परत करतो, तसं त्यांनी ते परत केलं. अण्णा बाजूलाच फुलं वाहत होते. त्यांचा चेहरा उजळला. आबांसारख्या जाणकार माणसाच्या अंगठ्यानं त्यांच्या कामाला पावती दिली होती. अण्णांनीच ती पुन्हा माझ्या पट्ट्याला बांधली, या वेळी मला सुटणार नाही अशी.

दुपारी आबा आणि अण्णा देवीच्या होमाला देवळात गेले. आई मागं मोरीवर भांडी घासत होती. मी गोठ्यात गव्हाणीच्या कडेवर फुरंगटून बसले होते. होम पुरा झाला असावा, कारण देवळाकडून एकदम हलगी कडाडली, आणि चंद्री बिचकून उडाली ती गव्हाणीच्या पलीकडं. दोरी तेवढी लांब नव्हती. पुढचे पाय पलीकडं टेकले, मागचे अलीकडं अधांतरी राहिले आणि गळ्याभोवतीचा नायलॉन सरकून आवळला. ती हंबरली नाही. तोंड उघडलं होतं, पण आवाज येत नव्हता. सुताचं दावं असतं तर तेव्हाच तुटलं असतं.

माझ्याकडं बाराभानगड होती. हे मला त्या क्षणी फार मोठं वाटलं, आणि ते अजून आठवतं याची मला लाज वाटत नाही. वीतभर दोरीमुळं ती चंद्रीच्या गळ्यापर्यंत पोचेना, म्हणून मी गव्हाणीवर पालथी पडून अंग तिच्या मानेला चिकटवलं. चाकू उघडून घासला. नायलॉनवर तो नुसता घसरला आणि जिथं घसरला तिथं दोरी चकचकीत झाली. करवत घासली. गाठीत पकड घालून ओढली, तर रबर सटकून माझी मूठच मागं आली. तो वळवलेला आकडासुद्धा घालून पाहिला. एकेक भानगड उघडायची, लावायची, मिटायची आणि पुढची उघडायची. माझ्या गालाखाली तिच्या मानेची शीर उडत होती. शेवटी मी दातांनी चावायला लागले, कारण माझ्याजवळ धार असलेलं तेवढंच होतं. मग ओरडले.

आई ओल्या हातांनी धावत आली. तिनं खाली शिरून चंद्रीचे मागचे पाय खांद्यावर उचलले आणि एवढंच म्हणाली, “इळा आण.” बाराभानगड चंद्रीच्या गळ्यातल्या गाठीत अडकून बसली होती, म्हणून तिनंच माझ्या पट्ट्याला हिसका देऊन मला मोकळं केलं. मी ओसरीवर पळाले. घोंगडीवर विळे ओळीनं मांडलेले होते, हळदकुंकवानं माखलेले, इतके धारदार की त्यांच्यावर ऊन थांबत नव्हतं. मी हात पुढं केला आणि तेवढ्यात आबा आणि अण्णा प्रसाद घेऊन दारातून आत आले.

“हात लावू नगं,” आबा म्हणाले. रागानं नाही, सवयीनं. माझा हात तिथंच राहिला. मी 'चंद्री' एवढंच म्हणू शकले. अण्णांना कळलं. ते विळ्याकडं वाकले, तर आबांनी त्यांचं मनगट धरलं आणि म्हणाले, “थांब, इच्यारून घेतो.” आणि तो म्हातारा माणूस खरोखर घोंगडीपुढं बसला, कान धरले, आणि हत्यारांची माफी मागू लागला. एका हातानं स्वतःचा कान आणि दुसऱ्या हातानं मुलाचं मनगट. अण्णा वाकलेलेच. मी उभी. गोठ्यात काय चाललंय ते ऐकू येत होतं, म्हणजे काहीच ऐकू येत नव्हतं.

मग आईच आली. खांद्याचं ओझं टाकून यावं लागलं होतं तिला. तिचा पदर सुटला होता, सासऱ्यासमोर तो तसा कधी सुटलेला मी पाहिला नव्हता. तिनं कडेचा विळा उचलला.

“मामंजी, तुमची पूजा व्हऊ द्या. मला इळा लागतुया.”

ती गेली तेव्हा विळ्याच्या मुठीला झेंडूचं फूल चिकटलेलंच होतं. एका घावात दोरी तुटली. बैलानं न तुटणारी.

चंद्री बराच वेळ नुसती पडून होती. आबा तिच्याशेजारी बसून गळा चोळत राहिले, नाकात फुंकर घालत राहिले. कपाळावरचा होमाचा अंगारा घामानं त्यांच्या डोळ्यांत उतरला होता. दिवस कलताना ती उठली, लटपटली, गायीला लुचली. वाचली. पण तिचा आवाज गेला, तो कायमचा. माणूस दिसलं की ती तोंड उघडायची, मान पुढं करायची, आणि शिरूरला नळाला पाणी यायच्या आधी नुसती हवा येते तसा आवाज यायचा. ती पुढं म्हातारी होऊन गेली, चार वासरं झाली तिला, पण हंबरली नाही. पुढच्या खंडेनवमीला आबांनी तो एक विळा पूजेत मांडला नाही. सकाळी घासून, धार लावून गोठ्यात खुंटीला टांगला आणि दिवसभर तिथंच राहू दिला. त्यानंतर दर वर्षी तसंच.

शिरूरला परतल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी आईनं बाराभानगड मागितली. लोणच्याची मोठी बरणी पालथी घातली आणि तिच्या बुडावर, विळीला लावायची तशी, चाकूला धार लावायला बसली. पाणी शिंपडायची, घासायची, अंगठा फिरवायची, पुन्हा घासायची. अण्णा खाटेवर बसून बघत होते. कितीतरी वेळ ती घासत होती. पण धार लागायला पात्याला एक बाजू तरी बारीक असावी लागते, आणि ते पातं आता चमच्याच्या दांड्यासारखं सगळीकडून गोल झालं होतं. शेवटी तिनं ते पदरानं पुसलं आणि अण्णांकडं न बघता म्हणाली, “लई चोख काम केलंया तुम्ही.”

अण्णा उठून बाहेर पायरीवर जाऊन बसले. त्यांच्या हातात कानस नव्हती, आणि हातांचं काय करावं ते त्यांना सुचत नव्हतं. मला त्यांच्याजवळ जाऊन बसावंसं वाटलं. ते तसंच राहिलं.

भाऊबीजेला मामा आला. ओवाळून झालं, करंजीचा तुकडा तोंडात असतानाच त्यानं विचारलं, “निमे, आली का गं एखादी कामाला?” मी बाराभानगड आणून त्याच्या हातात दिली. त्यानं एकेक पातं उघडलं, मिटलं. करंजी चावायची थांबली.

“दाजी,” तो म्हणाला, “ही कवा वारली?”

“वारली नाही,” अण्णा हळू आवाजात म्हणाले. “निर्धोक केली.”

“व्हय,” मामा म्हणाला. “वारल्याव समदेच निर्धोक हुत्यात. आमचा आजा बी आता लई निर्धोक हाय.”

आई हसली, आणि मग अण्णाही हसले, म्हणजे त्यांचे खांदे हलले. तोंड त्यांनी पलीकडं वळवलं होतं, त्यामुळं ते हसू होतं याबद्दल मी शपथ घेणार नाही. मामा गेल्यावर त्यांनी खिळ्यांचा डबा खाली काढला, आत हात घालून उगीच खिळे वरखाली केले आणि परत फळीवर ठेवला.

अण्णा जाऊनही आता बरीच वर्षं झाली. बाराभानगड माझ्याजवळ आहे. ट्यूबचं रबर वितळून जबड्यांना चिकटलं आहे, शिशाचा थेंब जागच्या जागी आहे. मी ती पर्समध्ये ठेवते. का ठेवते याचं एक भारदस्त उत्तर मी काही काळ तयार करून ठेवलं होतं, की माणसानं आपल्याला वाचवू पाहणाऱ्यांची आठवण जवळ बाळगावी, वगैरे. मागच्या वर्षी मुलीकडं दिल्लीला निघाले, तर विमानतळावर तपासणीच्या जवानानं पर्समधून ती बाहेर काढली. कपाळाला आठ्या घालून त्यानं सगळी पाती उघडली, प्रत्येकावरून आबांसारखा अंगठा फिरवला, दुसऱ्या जवानाला बोलावलं, त्यानंही फिरवला. मी ते भारदस्त उत्तर ओठांवर घेऊन उभी होते. कुणी विचारलं नाही. “ले जाइए माताजी, ये कुछ नहीं करेगा,” म्हणून त्यानं ती माझ्या हातात दिली.

नेलकटर मात्र त्यांनी ठेवून घेतलं.